दोन पत्रके आणि एका मुलीचा प्रश्न

नाशिकला अशोक स्तंभापासून गंगापूर रोडने धरणाच्या दिशेने निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शिकवणी वर्गांच्या आणि दवाखान्यांच्या पाट्या एकमेकींशी स्पर्धा करताना दिसतात. याच रस्त्यावर विज्ञानशिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही गेलो होतो. चहाच्या सुट्टीत कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने पर्समधून दोन पत्रके काढून आमच्या हातात ठेवली.

पहिले पत्रक गुळगुळीत कागदावरचे, वंध्यत्वाच्या मोफत तपासणी शिबिरात वाटलेले. उपचारात दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा, होणाऱ्या बाळावर कसलाही परिणाम होत नाही, असे त्यात ठासून सांगितले होते. दुसरे पत्रक गर्भसंस्कारांवरील एका व्याख्यानाला आलेल्यांना वाटलेले. या संप्रेरकांचा बाळाच्या जनुकांवर कायमचा शिक्का बसतो आणि तो सात पिढ्या पुसला जात नाही, असे त्याचे म्हणणे. ‘एपिजेनेटिक’ हा शब्द त्यात चार वेळा आला होता. त्याचा अर्थ एकदाही दिलेला नव्हता.

हे दुसरे पत्रक त्या शिक्षिकेला बारावीतल्या एका विद्यार्थिनीने दिले होते. ‘प्रजनन आरोग्य’ हे प्रकरण शिकवून झाल्यावर ती मुलगी वर्गात मागे थांबली. आपला जन्म अशाच उपचारातून झाला आहे, हे तिला घरच्यांकडून ठाऊक होते. तिने विचारले, “मॅडम, माझ्यावर असा शिक्का असेल का?” शिक्षिका आम्हाला म्हणाल्या, “उद्या सांगते म्हणाले तिला. तो उद्या अजून यायचाय.”

परीक्षण सहसा पुस्तकाचे करतात, पत्रकाचे नाही. परंतु या विषयावरचे पुस्तक शंभर जण वाचत असतील, तर पत्रक हजारो घरांत जाते. म्हणून आम्ही येथे या दोन पत्रकांचेच परीक्षण करीत आहोत.

शिक्का की पेन्सिलीची खूण?

आधी शब्दाचा अर्थ पाहू. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. तरी यकृताची पेशी आणि चेतापेशी वेगळे काम करतात. पाठ्यपुस्तक सर्व शाळांत तेच असावे, पण कोणता धडा आता घ्यायचा आणि कोणता नाही याच्या खुणा शिक्षकाने समासात पेन्सिलीने कराव्यात, तसा हा प्रकार आहे. छापील मजकूर म्हणजे डीएनएमधील अक्षरांचा क्रम. पेन्सिलीच्या खुणा म्हणजे त्या अक्षरांना, विशेषतः सायटोसीन या अक्षराला, जोडलेले मिथाइल गट आणि डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनांवरील बदल. या खुणांचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स किंवा अधिजनुकशास्त्र. मजकूर बदलत नाही, वाचन बदलते.

बहुतेक जनुकांच्या आईकडून व वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती वापरात असतात. सुमारे शंभर जनुके मात्र अशी आहेत की, त्यांची एकच प्रत चालते आणि दुसरी खूण करून बंद ठेवलेली असते. गर्भाची वाढ करणारे आयजीएफ-२ हे जनुक वडिलांच्या प्रतीवरून वाचले जाते. त्याच्या शेजारचे एच-१९ आईच्या प्रतीवरून. अशा जनुकांना ठसांकित जनुके म्हणतात. आयजीएफ-२ च्या दोन्ही प्रती चालू झाल्या, तर वाढ प्रमाणाबाहेर होते. आमच्या विषयाचा गाभा या मूठभर जनुकांत आहे.

‘सात पिढ्यां’चे येथेच काय होते ते पाहावे. गर्भातच पुढच्या पिढीची बीजे तयार करणाऱ्या पेशी वेगळ्या होतात, तेव्हा त्यांच्यातील ठशांच्या खुणा पुसल्या जातात. मुलगी असेल तर स्त्रीबीजाच्या, मुलगा असेल तर शुक्रपेशीच्या खुणा नव्याने लिहिल्या जातात. म्हणजे सस्तन प्राण्यांत ही पाटी दर पिढीला पुसण्याची व्यवस्थाच आहे. ठशातली एखादी चूक सात पिढ्या तशीच पुढे जाते, असे म्हणायला आधार नाही. दुसरे पत्रक येथेच कोसळते. पण त्यामुळे पहिले खरे ठरत नाही.

संप्रेरके नेमकी कोठे पोहोचतात?

‘संप्रेरके’ हा शब्द दोन्ही पत्रकांत एकाच पोत्यात भरलेला आहे. तो सोडवून पाहिला पाहिजे. नैसर्गिक चक्रात साधारणपणे एकच स्त्रीबीज पक्व होते. उपचारात दहा-बारा दिवस बीजग्रंथी उत्तेजक इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक बीजे वाढवतात. ही इंजेक्शने गर्भाला दिली जात नाहीत. त्या वेळी गर्भच नसतो. मग परिणाम व्हायचा तर तीन वाटांनी होईल. पहिली वाट स्त्रीबीजाची: त्याच्या वाढीचा शेवटचा टप्पा या काळात पार पडतो. दुसरी वाट गर्भाशयाच्या अस्तराची: अनेक बीजकोश एकदम वाढल्याने रक्तातील इस्ट्रोजेन नेहमीच्या कितीतरी पट चढते आणि भ्रूण त्याच चक्रात सोडला तर तो अशा अस्तरात रुजतो. तिसरी वाट गर्भ राहिल्यानंतरची: अस्तराला आधार म्हणून पहिले काही आठवडे प्रोजेस्टेरॉन देतात.

या वाटा वेगळ्या ठेवल्या नाहीत तर गोंधळ होतो. डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल या कृत्रिम इस्ट्रोजेनचा दाखला दुसऱ्या पत्रकासारखी मंडळी हमखास देतात. गर्भपात टळावा म्हणून पाश्चात्त्य देशांत ते गर्भवतींना दिले जाई. १९७१ साली बोस्टनमध्ये हर्बस्ट व सहकाऱ्यांनी तरुण मुलींतील योनीच्या दुर्मीळ कर्करोगाचा संबंध आईने घेतलेल्या या औषधाशी जोडून दाखवला. पण ते औषध प्रत्यक्ष गर्भारपणात, अवयव घडत असताना, गर्भापर्यंत पोहोचत होते. बीजग्रंथी उत्तेजित करणारी इंजेक्शने तशी नव्हेत. या दाखल्यातून घ्यायचा धडा वेगळाच आहे: दुष्परिणाम दिसायला पंधरा-वीस वर्षे लागली. त्याकडे आम्ही शेवटी परत येऊ.

उंदराने काय सांगितले

पहिल्या वाटेबद्दल प्रयोगशाळेत चांगला पुरावा आहे. कॅनडात मेलिसा मान यांच्या गटाने २०१० साली उंदराच्या माद्यांना उत्तेजक संप्रेरकांच्या कमी व जास्त मात्रा देऊन त्यांचे भ्रूण तपासले. ठसांकित जनुकांवरील खुणा बिघडलेल्या आढळल्या आणि मात्रा वाढली तसा बिघाडही वाढला. मात्रेबरोबर परिणाम वाढणे हे कार्यकारणसंबंधाचे एक चांगले लक्षण मानले जाते.

याच प्रयोगात एक कोडे होते, ते वर्गात जरूर घालावे. एच-१९ जवळची खूण वडिलांकडून येते. वडील उंदराला तर संप्रेरक दिलेलेच नव्हते. तरी त्याच्याकडून आलेली खूणही बिघडली. हे कसे? उत्तर असे असावे: फलनानंतर इतर खुणा पुसल्या जात असताना ठशांच्या खुणा राखून ठेवण्याचे काम आईने बीजात साठवलेली प्रथिने करतात. घाईने वाढवलेल्या बीजात हा साठा अपुरा राहत असेल, तर लिहिणाऱ्याचा हात बरोबर असूनही राखणदार कमी पडतो. २००८ साली, तेही कॅनडातच, फोर्टियर व सहकाऱ्यांना असे दिसले की, उत्तेजित माद्यांमध्ये गर्भापेक्षा वारेतील ठसे अधिक बिघडतात. वार गर्भाला अन्न पुरवते, हे लक्षात घेता ही बाब किरकोळ नाही.

आपल्याकडचे काम येथे सांगितले पाहिजे. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेत नफीसा बालसिनोर यांच्या गटाने नर उंदरांना टॅमॉक्सिफेन दिले; बीजग्रंथी उत्तेजित करण्यासाठी वापरतात त्या क्लोमिफेनच्याच कुळातले हे औषध. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शुक्रपेशींतील आयजीएफ-२ व एच-१९ यांच्या जागेवरील मिथाइल खुणा कमी झालेल्या आढळल्या आणि त्याचा संबंध भ्रूण दगावण्याशी दिसला. इस्ट्रोजेनच्या संदेशात ढवळाढवळ झाली तर ठसे हलू शकतात, आणि ही गोष्ट केवळ आईपुरती नाही, हे यातून कळते.

माणसाकडे येताना

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मात्रा वेगळ्या, काळ वेगळा. म्हणून माणसातील पुराव्याकडे वळू.

बेकविथ-वीडमन नावाचा एक विकार आहे. त्यात बाळ मोठे, जीभ मोठी, कधी पोटाच्या भिंतीत दोष आणि बालपणी काही गाठींचा धोका असतो. त्याचे मूळ आयजीएफ-२ असलेल्या भागातील ठशांत आहे. अमेरिकेतील या विकाराच्या नोंदवहीत ४.६ टक्के मुले प्रयोगशाळेतील फलनातून जन्मलेली होती, तर सर्वसाधारण जन्मांत हे प्रमाण ०.८ टक्का होते, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. पुढे २००५ साली अशा १९ मुलांच्या उपचारांची छाननी झाली. प्रयोगशाळेतील तंत्रे निरनिराळी होती. सर्वांत समान गोष्ट एकच, आईने घेतलेली बीजग्रंथी उत्तेजक औषधे.

येथे उडी मारण्याचा मोह होतो. पण नापास झालेली सर्व मुले पाणी पीत होती, म्हणून पाण्याने नापास होतात असे म्हणता येत नाही. या उपचारात उत्तेजक औषधे जवळजवळ सर्वच स्त्रिया घेतात. मग ती सर्व १९ जणींत सापडणारच. शिवाय २००५ सालीच जर्मनीतून एक लक्षणीय निरीक्षण आले. अँजेलमन या दुसऱ्या ठसाविकारात उपचार घेतलेल्या जोडप्यांचे प्रमाण जास्त दिसलेच, पण उपचार न घेता मुलासाठी दोन वर्षांहून अधिक काळ वाट पाहिलेल्या जोडप्यांचे प्रमाणही जास्त दिसले. म्हणजे कदाचित ज्या कारणाने गर्भ राहत नव्हता, तेच कारण ठशांवरही परिणाम करीत असेल. औषधाला दोष द्यायचा की ज्यासाठी औषध घेतले त्याला, हा या साऱ्या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि दोन्ही पत्रकांना त्याचा पत्ता नाही.

हा गुंता सोडवण्याची एक युक्ती म्हणजे सख्ख्या भावंडांची तुलना: एकाच आईचे एक मूल उपचाराने झालेले, दुसरे आपोआप. नॉर्वेत २००८ साली अशा २,५४६ मातांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सर्वसाधारण तुलनेत उपचारातली बाळे वजनाने कमी दिसत होती. भावंडांत हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. येथे संशय आईवडिलांच्या मूळ अडचणीकडे जातो. उलट, २०२२ साली नॉर्वेतीलच सुमारे दोन हजार नवजात बाळांच्या रक्तातील मिथाइल खुणा तपासल्या, तेव्हा दोन गटांत फरक सापडले आणि आईवडिलांच्या स्वतःच्या खुणांवरून ते उलगडले नाहीत. म्हणजे उपचाराचाही काही वाटा असावा. पुरावा असा दोन्हीकडे बोट दाखवतो, तेव्हा दोन्ही बोटे वाचकाला दाखवणे हे लिहिणाऱ्याचे काम असते.

आणि धोक्याचे आकडे देताना पटीबरोबर मूळ संख्याही दिली पाहिजे. बेकविथ-वीडमनचा धोका ‘कितीतरी पट’ एवढेच म्हटले की छातीत धस्स होते. ऑस्ट्रेलियातील २००४ सालच्या अंदाजाप्रमाणे तो उपचारातून जन्मलेल्या चार हजार मुलांत एक असा होता. म्हणजे ३,९९९ मुलांना तो विकार नाही.

१९७८ सालीच पडलेला प्रश्न

आता पहिल्या पत्रकाच्या ‘कसलाही परिणाम नाही’ या वाक्याकडे येऊ. हे वाक्य लिहिणाऱ्याला स्वतःच्या क्षेत्राचा इतिहास ठाऊक नसावा.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन जन्मली. स्टेप्टो व एडवर्ड्स यांनी आधी अनेक वर्षे उत्तेजित चक्रात प्रयत्न केले, अपयश घेतले आणि अखेर संप्रेरके बाजूला ठेवून नैसर्गिक चक्रातले एकच बीज घेतले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नातून ‘दुर्गा’ जन्मली. मुखर्जींनी संप्रेरके देऊन अनेक बीजे मिळवली. परंतु भ्रूण त्याच चक्रात न सोडता गोठवून ५३ दिवस ठेवला आणि अस्तर पूर्वपदावर आल्यावर पुढच्या चक्रात गर्भाशयात सोडला. म्हणजे जगातील ही पहिली दोन्ही बालके उत्तेजनाच्या चक्रातील अस्तरात रुजलेली नव्हती. दोन्हीकडच्या संशोधकांनी हा धोका ओळखला होता आणि दोन वेगळ्या वाटांनी टाळला होता.

मुखर्जींच्या दाव्यावर सरकारी समितीने अविश्वास दाखवला. त्यांची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत झाली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी जीवन संपवले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नातून मुलगी जन्मली, ती भारतातील पहिली म्हणून गाजली. याच आनंद कुमारांनी पुढे मुखर्जींचे कागद वाचले आणि पहिलेपणाचा मान मुखर्जींचा आहे, असे १९९७ साली ‘करंट सायन्स’मध्ये लिहून दिले. स्वतःच्या नावावरचा मान पुराव्यापुढे उतरवून ठेवण्याचे हे उदाहरण मुलांना सांगण्यासारखे आहे.

मुखर्जींच्या युक्तीची कसोटी फार उशिरा लागली. २०१६ साली चीनमध्ये बीजग्रंथीत अनेक गाठींचा विकार असलेल्या १,५०८ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली: अर्ध्या जणींना ताजा भ्रूण त्याच चक्रात, अर्ध्या जणींना गोठवलेला भ्रूण नंतर. मूल जन्मण्याचे प्रमाण ताज्या गटात ४२ टक्के, तर गोठवलेल्या गटात ४९.३ टक्के; जन्मवजनही गोठवलेल्या गटात सरासरीने जास्त. चिठ्ठ्या टाकल्यामुळे जोडप्यांच्या मूळ अडचणी दोन्ही गटांत सारख्या वाटल्या गेल्या होत्या, म्हणून या पुराव्याला वजन आहे. मात्र गर्भारपणातील रक्तदाबाचा गंभीर विकार गोठवलेल्या गटात ४.४ टक्के होता आणि ताज्या गटात १.४ टक्के. तेव्हा ‘परिणाम नाही’ हे खोटे. आणि ‘गोठवले की सगळे सुरक्षित’ हेही खोटे.

बंदी घालून प्रश्न सुटतो का?

भीतीच्या पोटी निर्णय घेतला की काय होते, हे लेट्रोझोलच्या बाबतीत दिसले. हे औषध इस्ट्रोजेन तयार होणे थांबवते आणि त्यातून बीजग्रंथीला चालना मिळते. २००५ साली कॅनडातील एका परिषदेतील सारांशाने या औषधानंतरच्या दीडशे बाळांत दोष जास्त असल्याचे सांगितले. पण तुलना केली होती ती कमी जोखमीच्या सर्वसाधारण बाळंतपणांशी. २००६ साली ९११ बाळांच्या अभ्यासात क्लोमिफेनशी तुलना केली, तेव्हा दोष लेट्रोझोल गटात २.४ टक्के आणि क्लोमिफेन गटात ४.८ टक्के निघाले. तरीही भारतात ऑक्टोबर २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी आली. ती २०१७ साली उठली.

भारतात पुरेशा चाचण्या न करता वापर वाढवणाऱ्यांवरचा राग समजण्यासारखा होता. पण त्या सहा वर्षांत आपण औषध बंद केले आणि पुन्हा चालू केले. ते आधी घेतलेल्या आपल्याकडच्या मातांची मुले कशी वाढत आहेत, हे पाहिल्याचे आमच्या वाचनात नाही. आमची खरी तक्रार ही आहे.

मोजायला कोणी थांबत नाही

डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉलचा परिणाम दिसायला पंधरा-वीस वर्षे लागली, हे वर आलेच. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने आता राष्ट्रीय नोंदवही आली आहे. दवाखान्यांनी नोंदी किमान दहा वर्षे जपून मग केंद्राकडे द्यायच्या आहेत. हे पाऊल चांगले आहे. परंतु उपचाराची नोंद ठेवणे वेगळे आणि त्यातून जन्मलेले मूल वीस वर्षांचे होईपर्यंत त्याचे वजन, रक्तदाब, साखर मोजत राहणे वेगळे.

हे आपल्याला जमणार नाही असे कोणी म्हणू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती आणि नंतर त्यांची मुले यांचा पाठपुरावा केला. तेथील मुले सहा वर्षांची, बारा वर्षांची, अठरा वर्षांची झाली तेव्हाही मोजणारे हजर होते. ज्या आयांत फोलेट जास्त आणि जीवनसत्त्व बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली, असे त्यांनी २००८ साली मांडले. फोलेट आणि बी-१२ ही मिथाइल गट पुरवणाऱ्या साखळीतलीच जीवनसत्त्वे आहेत. म्हणजे हा अभ्यास आमच्या विषयाच्या अगदी शेजारचा आहे. खेड्यात वजनकाटा घेऊन गेलेल्या कार्यकर्त्यांना जे जमले, ते शहरातील वातानुकूलित दवाखान्यांना का जमू नये?

त्या मुलीसाठी

उत्तर द्यायचे ठरलेले आहे, ते देऊ. मेलबर्नमध्ये २०१९ साली उपचारातून जन्मलेल्या १४९ आणि आपोआप जन्मलेल्या ५८ तरुणांचे जन्मवेळचे साठवलेले रक्त आणि बावीस ते पस्तीस या वयातले रक्त अशी तुलना झाली. जन्मावेळी काही मिथाइल खुणांत फरक होता; मोठेपणी तो बहुतांशी मावळला होता. तेव्हा तिला सांगावे: जन्मावेळी तुझ्या समासात पेन्सिलीच्या एखाद-दुसऱ्या वेगळ्या खुणा असल्याच, तर त्यांतील बहुतेक आतापर्यंत पुसट झाल्या असतील. ठसाविकार अतिशय दुर्मीळ आहेत आणि असता तर बहुधा बालपणीच कळला असता. तुझ्या मुलांपर्यंत ठशाची चूक जाईल, असे मानायला कारण नाही, कारण तुझ्या बीजांत त्या खुणा पुसून नव्याने लिहिल्या जातात. ‘अजिबात काही नाही’ असे मात्र आम्ही तुला सांगणार नाही, कारण तू विज्ञानाची विद्यार्थिनी आहेस.

शिक्षकांना एक विनंती. पाठ्यपुस्तकात या विषयाला काही ओळीच मिळतात आणि त्या तंत्रांची नावे पाठ करण्यात संपतात. त्या शिकवताना वर्गात या उपचारातून जन्मलेले एखादे मूल बसलेले आहे, असे धरून चालावे. मग आपोआपच दोन्ही पत्रकांची भाषा तोंडात येणार नाही.

दोन्ही पत्रके आम्ही त्या शिक्षिकेला परत केली. मागच्या कोऱ्या बाजूवर वरील आकडे लिहून दिले आहेत. वर्गात वाटायची झाली, तर ती बाजू वर करून वाटावीत.